पहिल्यांदा नेमबाजी करताना: नाशिकच्या नवख्यांसाठी

नाशिककरांना बंदूक तशी अनोळखी नाही. देवळालीत लष्कराचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेलं भोसला मिलिटरी स्कूल आहे. कॉलेजात एनसीसी करताना पॉइंट टू टू रायफलने चार गोळ्या झाडून आलेले काका-मामाही बऱ्याच घरांत सापडतात. तरीसुद्धा शांतपणे उभं राहून, कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरून खेळ म्हणून नेमबाजी केलेली माणसं आपल्याकडे थोडीच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्यानंतर मात्र "एकदा करून बघायचंय, कुठून सुरुवात करू?" असं विचारणारे वाढले आहेत. रविवारी सकाळी रेंजवर नव्यांना शिकवायला मी उभा असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. शस्त्राबद्दलचा आदर आणि चांगला नेम या गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. बोट कुठे आहे, नळी कुठे बघतेय आणि आत्ता थांबायचं की नाही, याचं भान ज्याला राहतं त्याच्या हातून अपघात होत नाही, आणि टार्गेटच्या मधोमधचा दहा गुणांचा गोलही त्यालाच लागतो.

काय करून बघायचं

सुरुवात १० मीटरच्या एअर पिस्तुलाने किंवा एअर रायफलने करा. यात बारूद नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. रेंजवर त्याला सगळे पेलेट म्हणतात. आवाज बेताचा, धक्का जवळजवळ नाही, आणि छोट्या हॉलमध्येही सराव होतो. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळवलं ते १० मीटर एअर रायफलमध्येच, त्यामुळे हा पोरखेळ आहे असं मनात असेल तर ते काढून टाका.

पिस्तूल की रायफल? पिस्तूल एका हाताने धरायचं असतं, दुसरा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात. वजन दीड किलोच्या आत. रायफल साधारण चार-पाच किलोची. तिला पुढे जाऊन जाड जॅकेट, ट्राउझर आणि खास बूट लागतात. नुसतं करून बघायचं असेल तर पिस्तूल सोपं वाटतं, पण पहिल्याच दिवशी कागदावर भोकं जवळजवळ पडलेली बघायची असतील तर टेबलावर टेकवलेली रायफल जास्त आनंद देते. मी नव्या माणसाला आधी टेकवलेली रायफल देतो आणि हात बसला की मग पिस्तूल. बहुतेक प्रशिक्षक याच क्रमाने जातील असं नाही, तुमचे प्रशिक्षक सांगतील ते ऐका.

पॉइंट टू टू रायफल, स्पोर्ट्स पिस्तूल, उडत्या तबकड्यांवर मारायच्या ट्रॅप-स्कीटच्या शॉटगन हे सगळं नंतरचं. ती अग्निशस्त्रं आहेत, त्यांना परवान्याची आणि वेगळ्या रेंजची गरज असते. आणि हातात कसलीच सवय नसताना ती उचलण्यात शहाणपणही नाही.

रेंज कशी ओळखायची

नाशिकमध्ये भोसलाच्या आवारात नेमबाजी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. शिवाय शहरात छोटे-मोठे खासगी क्लब असतात. कुठे बंगल्याच्या तळमजल्यावर, कुठे शाळेच्या हॉलमध्ये. कोणते सध्या सुरू आहेत आणि नवख्यांना घेतात, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. शालेय स्पर्धा तेच घेतात, त्यामुळे त्यांना माहीत असतं. मुलांच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांनाही विचारा.

फोनवर तीन प्रश्न विचारा: पहिल्या दिवसाच्या फीमध्ये पिस्तूल, पेलेट आणि टार्गेट धरलेलं आहे का, नव्या माणसाजवळ पूर्ण वेळ कोणी उभं राहतं का, आणि नुसतं बघायला आधी येता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला नकार मिळाला तर दुसरी जागा शोधा.

बघायला गेलात की भिंतीवरच्या पदकांकडे नंतर बघा. आधी हे बघा की फायरिंग लाइन ठळक आखलेली आहे का, आणि तिच्यापुढे कोणी पाय टाकण्याआधी सगळ्यांची पिस्तुलं खाली ठेवली जातात का. टार्गेटच्या मागे पेलेट अडवायला भक्कम सोय असावी लागते. लाकडी फळीला आदळून पेलेट उलटे येत असतील, किंवा टार्गेटच्या बाजूलाच एखादं दार उघडत असेल आणि त्याला कुलूप नसेल, तर ती रेंज नाही. मागे बसलेली मंडळी हळू आवाजात बोलतात का, प्रशिक्षक मोबाइलवर असतात की लाइनवर, हेही बघून घ्या. नव्या मुलाच्या हातात पिस्तूल देण्याआधी त्याच्याशी कोणी किती वेळ बोलतं, यावरून त्या क्लबची खरी किंमत कळते. टार्गेट कागदाचं आहे की इलेक्ट्रॉनिक, याने पहिल्या वर्षात काही बिघडत नाही.

जायच्या दिवशी

बंद, सपाट तळाचे बूट घाला. उंच टाचा नकोत, सँडल नको. अंगाला बसणारा टी-शर्ट चालेल. लोंबती ओढणी, सैल बाह्या, मनगटातल्या बांगड्या आणि जड घड्याळ घरीच ठेवा. केस मोकळे असतील तर बांधा. चष्मा असेल तर आणायचाच. चाळिशीनंतरचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तसं प्रशिक्षकांना आधी सांगा, कारण त्या काचेतून नेम धरताना मान वाकडी करावी लागते आणि मग खांदा भरून येतो.

रविवारची सकाळ म्हणजे नाशकात मिसळ. ती रेंजवरून परतताना खा. तुडुंब पोटाने उभं राहिलं की श्वास वर अडकतो, आणि लागोपाठ दोन कटिंग झाले असतील तर पिस्तुलाच्या टोकाला हाताची थरथर लगेच दिसते. पोहे, केळं, पाणी एवढं पुरे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जाणार असाल तर हातमोजे घालून जा आणि पोचल्यावर बोटं चोळून गरम करा. गारठलेल्या बोटाला चापावरचा दाब कळत नाही.

बंदूक हातात येण्याआधी

जगभरातल्या रेंजवर चार नियम शिकवतात. शब्द थोडेफार बदलतात, नियम तेच. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, आत्ताच रिकामी करून दाखवली असली तरी. जिथे छर्रा जावा असं तुम्हाला वाटत नाही तिथे नळी कधीच वळवायची नाही. नेम टार्गेटवर बसेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही. आणि टार्गेट काय आहे व त्याच्यामागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय मारायचं नाही.

पाठ करायला दोन मिनिटं लागतात. अंगात मुरायला मात्र वेळ लागतो, कारण आपल्या रोजच्या सवयी याच्या नेमक्या उलट्या आहेत. कोणी हाक मारली की आपण अख्खे वळतो आणि हातात जे असेल तेही बरोबर वळतं.

रेंजवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. एक शाळकरी मुलगा होता, शांत, ऐकणारा. पिस्तुलात पेलेट नीट बसला नाही. त्याने एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि "सर, अडकलंय" म्हणत पिस्तुलासकट मागे वळला. मागे बाकावर त्याची आई बसली होती. मी शेजारीच होतो, त्याचं मनगट धरून नळी खाली टार्गेटच्या दिशेला वळवली. काही झालं नाही. पण मग आम्ही पुढचा तास पेलेटला हात लावला नाही. रिकामं पिस्तूल टेबलावर, तो लाइनवर. मी मागून वेगवेगळ्या आवाजात त्याला हाक मारायची, आणि त्याने पिस्तूल टेबलावर ठेवून, हात मोकळे करून मगच वळायचं. शेवटी शेवटी तो हाक ऐकली की आधी टेबलाकडे बघायला लागला. तुमच्याकडूनही कोणी असं करून घेत असेल तर कंटाळू नका.

तर काही अडकलं, बिघडलं, समजलं नाही, तर पिस्तूल टार्गेटकडेच रोखलेलं ठेवा, बोट बाहेर काढा आणि मोकळा हात वर करा. प्रशिक्षक तुमच्याकडे येतील. तुम्ही त्यांच्याकडे जायचं नाही.

बोट बाहेर म्हणजे कुठे? चापाभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे गार्डच्या वर, पिस्तुलाच्या बाजूला सरळ टेकवलेलं. हवेत लटकतं बोट दचकल्यावर आत जातं.

हुकूम इंग्रजीतच असतात: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्टॉप ऐकलं की त्या क्षणी थांबायचं. अर्धा चाप दाबला असेल, नेम सुंदर बसला असेल, तरीही. आणि काही धोक्याचं दिसलं तर स्टॉप ओरडण्याचा हक्क रेंजवरच्या प्रत्येकाला आहे, आज पहिल्यांदा आलेल्यालाही. लाइनपुढे मांजर आलं तरी ओरडा. तुम्हाला कोणी हसणार नाही.

नळीत घातलेली रंगीत प्लास्टिकची दोरी दिसेल, ती सेफ्टी फ्लॅग. ती टोकापासून मागपर्यंत आरपार दिसत असेल तर आत पेलेट नाही हे लांबूनही कळतं. मारून झालं की पिस्तूल उघडं, दोरी आत, नळी टार्गेटकडे, आणि मग हात दूर. दुसऱ्याच्या पिस्तुलाला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. कोणी आपलं बघायला दिलं तर घेताना स्वतः उघडून आत बघायचं. समोरच्याने कितीही खात्री दिली असली तरी बघायचंच, आणि यात त्याला अपमान वाटत नाही. जुना नेमबाज असेल तर तुम्ही बघितलं नाहीत याचंच त्याला वाईट वाटेल.

एअरगन आहे, काय होणार, असं म्हणणारे भेटतात. मॅचच्या एअर पिस्तुलातून पेलेट सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. माणसाचा डोळा कायमचा जायला त्याहून कितीतरी कमी वेग पुरतो. म्हणून रेंजवर साधा पारदर्शक गॉगल मिळत असेल तर घाला.

पेलेट भरताना

पेलेटला एक बाजू भरीव आणि एक बाजू पोकळ, घेरदार असते. भरीव डोकं टार्गेटकडे, पोकळ बाजू आपल्याकडे. उलटा बसला तर तो कुठेही जातो. एक भरला की नाही अशी शंका आली तर दुसरा वर कोंबू नका, हात वर करा.

काही क्लबमध्ये नळी मोडून भरायच्या, स्प्रिंगच्या एअर रायफली सरावाला देतात. त्या भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायची आणि चापाजवळ बोट न्यायचंच नाही. नळी उघडी असताना चाप दाबला गेला तर ती फटकन मिटते. बोट मधे असेल तर मोडतं. महागड्या मॅच पिस्तुलांत हवेचं सिलिंडर असतं, त्यात साधारण २०० बार दाब असतो आणि सिलिंडरवर मुदत छापलेली असते. ते भरणं प्रशिक्षकांचं काम, तुमचं नाही.

पेलेट शिशाचे असतात. तोंडात धरू नका, सराव चालू असताना काही खाऊ नका, आणि संपल्यावर साबणाने हात धुवा. मुलांच्या बाबतीत हे दुप्पट कडकपणे पाळा.

उभं राहणं, बघणं, चाप दाबणं

आधी कोणता डोळा बलवान ते बघू. दोन्ही हात पुढे ताणा, तळव्यांमधून छोटी फट ठेवा, त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोन्ही डोळ्यांनी बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतच राहतं तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या काही माणसांचा डावा डोळा बलवान निघतो. तसं असेल तर प्रशिक्षकांना लगेच सांगा, नंतर सवय मोडणं जड जातं. न वापरायचा डोळा घट्ट मिटण्याऐवजी त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावतात. मिटलेल्या डोळ्याचा ताण दुसऱ्यावर येतो.

पिस्तुलासाठी पाय खांद्याइतके फाकवून, अंग टार्गेटला जवळपास आडवं. हात उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. हात टार्गेटच्या डावीकडे गेलेला दिसला तर हात ओढून मधे आणू नका. मागचा पाय थोडा सरकवा म्हणजे सगळं अंग वळेल. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत मूळ जागी जातो. नवे लोक हे टाळतात आणि मग सगळी भोकं एकाच बाजूला का, म्हणून पिस्तुलाच्या साइटला दोष देतात.

आता साइट. मागे खाच असलेली रिअर साइट, पुढे नळीच्या टोकाला चौकोनी फ्रंट साइट. खाचेत फ्रंट साइट अशी दिसायला हवी की दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आणि वरची रेघ एका पातळीत. नजर या फ्रंट साइटवर. काळा गोल पुसट दिसणार आणि पुसटच दिसायला हवा. काळ्याच्या थोडं खाली, पांढऱ्यावर नेम धरायचा.

हे ऐकून प्रत्येक जण मान डोलावतो आणि प्रत्येक जण गोलाकडेच बघतो. म्हणून त्यामागचा हिशेब सांगतो. पिस्तुलाच्या दोन साइटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे एकतीसपट लांब. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर टार्गेटवर ती चूक तीन सेंटिमीटरच्या वर जाते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची; म्हणजे दहाचा सरळ सात झाला. उलट साइट नीट जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच अर्धा सेंटिमीटर हलतोय, तर छर्राही तेवढाच हलेल, आणि तो अजून दहातच आहे. कारण दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं आणि भोकाची कड रेघेला शिवली तरी दहा धरतात. हात हलणारच, सगळ्यांचा हलतो. साइट हलू द्यायची नाही.

रायफलमध्ये मागे बारीक छिद्र आणि पुढे कडी असते. छिद्र, कडी, काळा गोल हे एकात एक गोल बसवायचे. तिथला दहा म्हणजे फक्त अर्धा मिलिमीटरचा ठिपका, पण त्याची काळजी आज करू नका.

श्वास घ्या, हात वर न्या, श्वास सोडत हात खाली आणा, अर्धा सोडला की थांबवा. आता चाप. पिस्तुलाच्या चापाला नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचं ओझं पेलावं लागतं, त्यामुळे दाब थोडा जाणवतो. बोटाचं पहिलं पेर चापावर, आणि दाब सरळ मागे, सावकाश वाढवत न्यायचा. बाळाच्या तोंडात ड्रॉपरने औषधाचा थेंब सोडताना रबर जसं दाबतो, तसा. थेंब नेमका कधी पडेल ते आपण ठरवत नाही, फक्त दाब वाढवत राहतो. "आत्ता!" म्हणून बोट ओढलं की मनगटही ओढलं जातं आणि भोक खाली कोपऱ्यात पडतं.

शॉट फुटल्यावर हात लगेच खाली आणू नका. दोन सेकंद तसेच उभे राहा, फ्रंट साइट कुठे होती ते आठवा आणि कुठे लागलं असेल ते मनात सांगा. मगच बघा.

हात खाली घेणं

श्वास थांबवल्यावर आठ-दहा सेकंदांत फुटलं नाही तर डोळा पुसटतो, हात जड होतो आणि मन म्हणतं, उरकून टाक. इथे बोट बाहेर काढायचं, पिस्तूल टेबलावर टेकवायचं, दोन श्वास घ्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. स्पर्धेतले मोठे नेमबाज हे सर्रास करतात. ६० शॉटना सव्वा तास असतो तो यासाठीच.

इंदिरानगरच्या एक काकू मुलाला सोडायला येत आणि बसून राहत. एकदा त्यांनाच म्हटलं, बघा करून. पहिल्या पेलेटसाठी त्यांनी हात वर नेला आणि खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मुलगा मागून कुजबुजला, "आई, मार ना." त्यांनी लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळाने एक पेलेट सुटला, नऊला लागला. मला त्या नऊपेक्षा आधी खाली आलेला हात जास्त आवडला, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. आता त्या मुलाच्या शेजारच्या लेनवर असतात.

पहिल्या दिवशी तीस-चाळीस पेलेट खूप झाले. गुण मोजू नका. दहा पेलेट एकाच कागदावर मारा आणि भोकं किती जवळजवळ आहेत ते बघा. याला ग्रुपिंग म्हणतात. सगळी भोकं डावीकडे पाचात पण झुबक्याने पडली असतील तर दिवस उत्तम गेला. साइटचा स्क्रू फिरवला की झुबका मधे येतो. एक दहा, एक दोन, एक कागदाबाहेर असं असेल तर स्क्रूला हात लावायचा नाही, चाप आणि नजर सुधारायची. खांदा दुखायला लागला की थांबा. थकलेल्या हाताने मारलेला प्रत्येक पेलेट चुकीचीच सवय लावतो.

कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. अग्निशस्त्र बाळगायला परवाना लागतो आणि त्याचं सर्वसाधारण किमान वय २१ वर्षं आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. खेळाची एअर पिस्तुलं या मर्यादेच्या खूप आत येतात. तरी विकत घेताना दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो; बिल जपून ठेवा आणि नेताना त्याची प्रत बरोबर असू द्या. नेताना बंद केसमध्येच. स्कूटीच्या पायाशी उघडी रायफल ठेवून द्वारका सर्कलवरून जाणाऱ्याला पोलिसांनी थांबवलं तर चूक पोलिसांची नाही. लांबून बघणाऱ्याला ती एअरगन आहे हे कळत नाही, आणि घाबरण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

परवाना नको म्हणजे कुठेही चालवा असं नाही. गच्चीवरून, मळ्यात, नदीकाठी बाटल्यांवर सराव नको. काचेवरून आणि दगडावरून पेलेट कुठेही उडतो. द्राक्षबागेत पाखरं फार होतात हे खरं, पण त्यांना एअरगन हा उपाय नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक पक्ष्यांना त्याचं संरक्षण आहे. जाळी लावा.

लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खंडेनवमीला शस्त्र पुजायचं तर आधी ते रिकामं करा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, मग हळद-कुंकू लावा. ते हातात घेऊन एकमेकांवर रोखलेले फोटो काढले की पूजा कशाची केली, असा प्रश्न पडतो. मला या फोटोंचा मनापासून राग येतो, आणि तुम्ही नेमबाजी सुरू केलीत की तुम्हालाही येईल.

मुलांना आणणार असाल तर

दहा-बारा वर्षांच्या मुलाला पिस्तुलाचं वजन पेलत नाही, त्याला टेकवलेल्या रायफलवर बसवा. वयापेक्षा हे बघा की सांगितलेलं एका हाकेत ऐकतो का. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी आणायचं मनात असेल तर ते मुलाला सारखं ऐकवू नका. लाइनच्या मागे बसून सूचना देऊ नका; तुमच्या आवाजाने तो वळतो, आणि वळणं म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. घरी एअरगन घेतलीत तर ती कुलपात, पेलेट दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे.

दुसऱ्या रविवारपासून पुढे

लगेच काही विकत घेऊ नका. पहिले काही महिने क्लबचंच पिस्तूल वापरा. आधी एक वही घ्या: तारीख, किती पेलेट, ग्रुपिंग कसं, काय जाणवलं. मग सपाट बूट, मग डोळ्याची पट्टी. बाहेरून येणाऱ्या मॅच रायफली आणि पिस्तुलं लाखांच्या घरात जातात, आणि ग्रिप तुमच्या हाताला बसते की नाही हे कळायला आधी हात तयार व्हावा लागतो. वापरलेलं पिस्तूल क्लबमध्येच मिळत असेल तर सिलिंडरची मुदत बघून घ्या.

घरी नेमाचा सराव करता येतो. कोरी भिंत, त्यापासून हातभर अंतर, आणि उचलून धरणं, चाप दाबणं. त्यासाठी ड्राय फायरची, म्हणजे पेलेटशिवाय चाप दाबायची, सोय असलेलंच पिस्तूल हवं. स्प्रिंगची एअरगन पेलेटशिवाय झाडली तर आतून खराब होते. पेलेटचा डबा त्या खोलीत असता कामा नये, आणि घरच्यांना सांगून दार लावून घ्यायचं. पिस्तूल नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हात ताणून धरा, मिनिटभर, रोज.

चार-सहा महिन्यांनी प्रशिक्षक जिल्हा स्पर्धेचं नाव काढतील. तिथून राज्य स्पर्धा, मग मावळणकर स्पर्धा आणि राष्ट्रीय, अशी चढण आहे. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर; १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. पहिल्या स्पर्धेला गुणांचा आकडा ठरवून जाऊ नका. हुकूम कसे येतात, घड्याळ चालू असताना श्वास कसा होतो आणि शेजारच्या लेनवर खणखण दहा पडत असताना आपली नजर फ्रंट साइटवर राहते का, एवढंच बघून या आणि त्याच संध्याकाळी वहीत लिहा.